व्हेरी व्हेरी व्हेरी सॉरी

लिफ्टच्या दारावर छापील कागद लागला: ‘व्हेरी सॉरी, लिफ्ट बंद आहे.’ दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी बॉलपेनने त्यात आणखी एक ‘व्हेरी’ घुसवला. तिसऱ्या आठवड्यात तिसरा. लिफ्ट मात्र होती तिथेच, तळमजल्यावर, तोंड वासून.

पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या प्रस्तुत सदरलेखकाला जिन्याच्या प्रत्येक वळणावर धाप लागते, त्यामुळे चिंतनाला सवड मिळते. हा ‘व्हेरी’ मूळचा इंग्रजांचा नव्हे. १३व्या शतकाच्या आसपास त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, आणि फ्रेंचांकडे तो लॅटिनमधल्या ‘वेरुस’वरून आला. वेरुस म्हणजे खरा. कोर्टाचा ‘व्हर्डिक्ट’ याच घराण्यातला: खरे बोललेले. ‘धिस व्हेरी डे’मध्ये जुन्या अर्थाचा वास अजून आहे, नेमका आजचाच दिवस. लिफ्टवाला मेकॅनिक फोनवर हेच म्हणतो. रोज.

तर कागदाचा अर्थ इतकाच, की कमिटी ‘खरोखर’ दिलगीर आहे. पण मग दुसरा व्हेरी कशाला? पहिला खोटा होता म्हणून? आणि तिसरा आला म्हणजे दुसऱ्यावरही कमिटीचा भरवसा उरला नाही. इंग्रजीत नेमके हेच घडले. खरेपणाची शपथ इतक्यांदा वाहिली गेली, की १५व्या शतकापर्यंत ‘खरोखर’चे नुसते ‘फार’ झाले. टेकू द्यायला ‘ट्रूली’ आणि ‘रियली’ धावले, तेही झिजले. ‘लिटरली’ तरी अक्षराला धरून राहील, तर १७६९च्या ‘द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू’ या कादंबरीतच तो अक्षर सोडून अतिशयोक्तीच्या चाकरीला लागलेला दिसतो. आता पहिल्या मजल्यावरची मुलगी अठरा पायऱ्या चढून ‘लिटरली मेले’ म्हणते. वरच्या मजल्यांवरच्यांनी काय म्हणायचे, याची सोय कुठल्याच भाषेत नाही.

मराठीने हसू नये. आपला ‘खूप’ म्हणजे फारसीतला ‘खूब’, अर्थात चांगला. आता दाढ खूप दुखते. ‘भयंकर गोड’ बाळाला आपण न घाबरता कडेवर घेतो, इंग्रज ‘टेरिबली’ म्हणतो तसेच.

ते असो, पण मोटर जळून महिना उलटला! दुरुस्तीचे पैसे सगळ्यांकडून आगाऊ घेतलेत, पावत्या आहेत. चौथ्या मजल्यावरच्या आजी त्या दिवसापासून खाली उतरलेल्या नाहीत, सिलिंडरवाला दुसऱ्या मजल्यावरून ‘या खाली’ म्हणून ओरडतो, पाण्याचे जार वर न्यायला माणूस जादा पैसे मागतो, आणि मीटिंगमध्ये यावर चर्चा काय, तर कागदावरचे बॉलपेनचे अक्षर बरे दिसत नाही! वायंडिंग करणाऱ्याला फोन करायला दोन मिनिटे लागतात हो. शब्द कमी पडत होते असे कुणी सांगितले तुम्हाला?

सोमवारी नवा कागद लागला. ‘रियली व्हेरी सॉरी.’ लॅमिनेट करून, चारही कोपऱ्यांना स्क्रू मारून.