ठराव मंजूर! भाकरी किती?

"बाई, हाय का घरात? ऐकलं का, आमच्या मालकांना स्वागताध्यक्ष केलंय."

आमच्या आणि आक्कांच्या परसात छातीएवढी भिंत आहे. भिंतीवर त्यांचं सूप, सुपात पावट्याच्या शेंगा. दाणा वाटीत, टरफल खाली शेळीला आणि बातमी मला, हा त्यांचा सकाळचा शिरस्ता.

"कशाचे स्वागताध्यक्ष? लग्नाचे?"

"लग्नाला कुठला वो अध्यक्ष? परिषद हाय. शाळेच्या पटांगणात, दोन दिस. पाणी, माती, समता, असलं कायबाय. पुतण्यानं अंगावर घेतलंय. झोळीवाली येणार, झब्बेवाली येणार, एक गडी तर म्हणं पुण्यासनं सायकलवर येणार हाय."

"मग चांगलंच की."

"चांगलं हाय वो. पण पोरगं काल आलं, पावती फाडली, चहा प्यालं आन् उंबऱ्यातनं म्हणतंय कसं, काकी, तुमच्या घराकडं फक्त पन्नास भाकरी. फक्त! जशी काय त्याची काकी म्हंजे पिठाची गिरणी."

दिवाळी सरली की आमच्या खानापूर तालुक्यात तीन गोष्टी एकदम सुरू होतात: कारखान्यांचं गाळप, लग्नं आणि परिषदा. आक्कांच्या पुतण्यानं तर कॅलेंडरवर लाल खुणाच करून ठेवल्यात. 26 नोव्हेंबर संविधान दिन, 6 डिसेंबर चैत्यभूमी, 25 डिसेंबरला महाड, कारण त्या दिवशी 1927 साली मनुस्मृती जाळली. 3 जानेवारीला सावित्रीबाईंचं नायगाव, 20 मार्चला पुन्हा महाड. मधल्या फटीत कुठं बियाण्यांचा मेळा, कुठं पाणी परिषद, कुठं विद्रोही साहित्य संमेलन. हे पोरगं मुंबईच्या चैत्यभूमीहून परत येतं तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त असतात.

"लग्नाच्या तिथी तरी दरसाल बदलत्यात," आक्का म्हणाल्या. "ह्यांच्या पक्क्या. पोरगी बघायला जायाचं ठरवलं तर म्हणतंय, त्या दिवशी जमणार न्हाई, शिबिर हाय."

"आणि तयारी कुठवर आली?"

"चौकात जाऊन या, म्हंजे कळंल. मालकांचा एवढा मोठा फोटू, डोळ्यावर काळा चष्मा. खाली लिवलंय, वसुंधरा वाचवा. आन् फलक कसला? प्लास्टिकचा! मी म्हटलं, वसुंधरा ऱ्हाऊ द्या, आदी चौक वाचवा. आता पुतण्यानं काढायला लावलाय, कापडावर रंगवून घेणार हाय. मालक रुसल्यात. कापडावर चष्मा नीट येत न्हाई म्हणं."

"ताटांचं काय? 2018च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोल तर गेलं."

"थर्माकोल गेलं आन् चंदेरी पत्रावळी आली. दिसती कागदाची, वर पापुद्रा प्लास्टिकचाच. शेळीनंसुदिक तोंड लावलं न्हाई. मंग ठरलं, ज्येनं त्येनं आपलं ताट-तांब्या घेऊन यायचं, जेवायचं आन् आपलं आपण धुवायचं."

"पुरुषांनीसुद्धा?"

"तेच तर बघायचंय! म्हणून मी दोन दिस नळावर बसणार हाय."

मला गोरेगाव आठवलं. 2004च्या जानेवारीत नेस्कोच्या मैदानात जागतिक सामाजिक मंच भरला होता, तेव्हा आम्ही काही शिक्षिका गेलो होतो. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलच्या शहरात 2001 साली सुरू झालेला हा मेळा पहिल्यांदाच त्या देशाबाहेर आला आणि आला तो थेट मुंबईत. जुन्या कारखान्याच्या शेड, त्यात कापडाचे आडोसे, आणि धूळ अशी की संध्याकाळी पदर झटकला तर भाकरीला पीठ पुरावं. कोक-पेप्सीला आत मज्जाव. जागोजागी ढोल, कोरियाचे कामगार एकीकडून, आपले आदिवासी दुसरीकडून, भाषा कुणाची कुणाला कळत नाही पण मुठी एकदमच वर. इराणच्या शिरीन इबादी आल्या होत्या, आदल्याच वर्षी नोबेल मिळालेल्या. आयोजकांनी फोर्ड फाउंडेशनचा पैसा नको म्हणून सांगितलं होतं, त्याचीही चर्चा.

"एवढी सगळी एका जागी? भांडणं न्हाई झाली?"

"झाली की! महामार्गाच्या पलीकडे दुसरा मांडव होता. 'मुंबई रेझिस्टन्स' नावाचा. त्यांचं म्हणणं, अलीकडचे नुसते बोलघेवडे, परदेशी पैशावर चालणारे, खरी लढाई आमची."

आक्का एवढ्या हसल्या की सूप हललं. "म्हंजे भाऊबंदकी तितंबी! बांध न्हाई तर महामार्ग. बरं, मंग फळ काय निघालं त्याचं?"

हा प्रश्न आक्कांचा ठरलेला. संकष्टी असो नाही तर परिषद, फळ काय? मी म्हटलं, तिथं ठराव करायचाच नाही असा नियम होता. मंचानं कुणाच्या वतीनं बोलायचं नाही. लोकांनी भेटायचं, ओळखी करायच्या आणि पुढं आपापलं ठरवायचं.

"हे बरं हाय. ठराव न्हाई, म्हंजे मोडायची भीतीच न्हाई."

आक्कांचा हा टोमणा मला झोंबला, कारण त्यात तथ्य आहे. ठरावांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. महाडचंच घ्या. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा बोले नावाच्या सदस्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद चोख. तीन वर्षं एका दलित ओंजळीनं त्या पाण्याला स्पर्श केला नाही. 1927च्या मार्चमध्ये तिथं परिषद भरली, तर आलेल्या माणसांना प्यायला पाणी कुठून? सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं.

"चाळीस रुपयं? त्या काळात? आन् तळं शेजारी?"

"तळं शेजारीच. दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, बाबासाहेब उठले, मागं सगळी परिषद उठली, आणि चालत जाऊन तळ्याचं पाणी प्याली. झाली परिषद."

शेंग आक्कांच्या हातातच राहिली. "मंग?"

"मग काय. माणसं जेवत होती, परतीच्या वाटेला लागली होती, तेव्हा त्यांना मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून त्यात पंचगव्य ओतून ते शुद्ध केलं. डिसेंबरात पुन्हा परिषद घ्यायची म्हटली तर मांडवाला कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. आणि तळ्याचा खटला हायकोर्टात निकालात निघेपर्यंत 1937 उजाडलं."

आक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग इकडं-तिकडं बघून भिंतीवर वाकल्या. म्हणजे आता खरी बातमी. "तुम्हाला म्हणून सांगती. मागच्या शिबिराला भाकरी गोळा करायला पोरं फिरली न्हवं? सगळ्या वस्त्यांतली भाकरी एका हाऱ्यात. तिकटीवरच्या वैनी हाईत न्हवं? त्यांनी आपल्या भाकरी येगळ्या फडक्यात बांधून, वर गाठ मारून दिल्या. म्हणं, आमच्याच पाहुण्यांस्नी वाढा."

"मग पुतण्यानं काय केलं?"

"त्येनं वैनींच्या म्होरंच गाठ सोडली आन् हाऱ्यात पालथं केलं फडकं. आन् दुपारी वैनी सोता पंगतीला! कुणाच्या घरची भाकरी खाल्ली, त्यांचं त्यांस्नी ठावं. तीन खाल्ल्या, बगा. ठेच्याबरोबर."

मी म्हटलं, आक्का, हाच खरा ठराव मंजूर झाला. विद्रोहीवाल्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 1999 साली धारावीत त्यांचं पहिलं संमेलन भरलं, बाबूराव बागूल अध्यक्ष. सरकारी अनुदान नको, घराघरातून एक मूठ धान्य आणि एक रुपया मागायचा, ही त्यांची रीत. मूठ दिली की माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही, हिशेब विचारायला मोकळा होतो.

"आपल्या बलवडीला तेच झालं न्हाई का," आक्का म्हणाल्या. हा त्यांचा हक्काचा विषय. माहेर येरळाकाठचं. "येरळेची वाळू ठेकेदार नेत होतं, नदी कोरडी ठक्क. लोकांनी म्हटलं, वाळू आमची, इकायची तर आमच्या धरणासाठी. बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी वाळू इकून बळीराजा धरण बांधलं. कालिजातली पोरं आली हुती शहरातनं घमेली उचलायला. हाताला फोड आलं की रडायची, पण ऱ्हायली. आन् ज्येला जमीन न्हाई त्येलाबी पाण्याचा वाटा ठेवला."

"समन्यायी पाणीवाटप म्हणतात त्याला."

"काय म्हणायचं ते म्हणा. जमीन नसल्याला पाणी, एवढं मला कळतंय."

तोच धागा पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये आला. 1993पासून दुष्काळी तेरा तालुके तिथं जमायचे, पुढारी नागनाथअण्णा नायकवडी. अण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे. त्यांच्या दारात पाणी, उसाचं हिरवंगार रान, स्वतः काढलेला साखर कारखाना. तरी माणूस म्हातारपणी कोरडवाहू तालुक्यांच्या पाण्यासाठी उन्हात बसला. ज्याला तहान नाही तो तहानेसाठी भांडतो, तेव्हा सरकारलाही जरा नीट ऐकावं लागतं.

आणि मला विचाराल तर, शाळेतली बाई म्हणून, सगळ्यात मोठी सभा मी 2018च्या मार्चमध्ये टीव्हीवर पाहिली. नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी 180 किलोमीटर चालत मुंबईला आले. पायांची सालटं गेलेली. शेवटच्या मुक्कामाला कळलं, सकाळी दहावीचा पेपर आहे, मोर्चानं रस्ते अडले तर पोरं अडकतील. विश्रांती टाकून माणसं रातोरात चालत आझाद मैदानात पोचली. मुंबईकरांनी मग पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धाव घेतली. दुसऱ्याच्या पोराच्या पेपरासाठी झोप मोडणं, ह्याचा कुणी ठराव केलेला नव्हता.

तेवढ्यात पुतण्या आला. खांद्याला शबनम, हातात वही, सायकल शेवग्याला टेकवलेली.

"काकी, भाकरीची यादी पक्की करू ना? बाई, तुमच्याकडच्या तीस धरतो."

"थांब," आक्का म्हणाल्या. "आदी मला सांग, मागच्या येळंला ती नागपूरची बाई बोलाय आली हुती, बायकांच्या जमिनीवर. मला ऐकायची हुती. मी कुठं हुते?"

"काकी... स्वयंपाकात."

"आन् ती बायकांचं दुःख कुणाला सांगत हुती? म्होरं सगळं गडी बसल्यालं!"

पुतण्यानं वही मिटली. मी मध्ये पडले. म्हटलं, 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखाच्या वर बायका जमल्या होत्या. पण ते भाषणांवर थांबलं नाही. पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. ज्या गावात शंभर जण बायकोच्या नावावर जमीन करून देतील, त्या गावाला संघटनेचे नेते शरद जोशी स्वतः जायचे. 1992मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं.

"फी किती?" आक्का.

"काही नाही."

"काहीच न्हाई?" आक्कांनी घराकडं मान वळवून आवाज चढवला. "ऐकलं का वो स्वागताध्यक्ष? काही न्हाई म्हणं!"

आतून खोकल्याचा आवाज आला, मग रेडिओ मोठा झाला.

पुतण्या घाईनं म्हणाला, "काकी, आपल्या परिषदेत तो ठराव आहेच. समारोपाला काकाच मांडणार आहेत."

"मांडू दे की. पण मांडताना हातात अर्ज पायजे, सही केल्याला. न्हाई तर मी म्होरं बसून इचारणार, ठराव ऱ्हाऊ दे, उतारा दाव. आन् दुसरं. ते बायकांचं बोलणं जेवणाच्या आदी ठेवायचं न्हाई. भाकरी झाल्यावर. समद्या बायका हात धुऊन येत्याल तवा सुरू. तवर झब्बेवाल्यांनी गाणी म्हणावी."

"चालेल."

"तिसरं. परातीवर आमच्यासंगं दोन-दोन गडी बसतील. नावं आत्ता लिही. पयलं नाव स्वागताध्यक्षाचं."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शेंगांकडं पाहिलं. लिहिलं त्यानं.

आतून आवाज आला, "आगं, पोरगं आलंय, चहा ठेव की."

"तुम्हीच ठेवा," आक्का म्हणाल्या, "मी परिषदेच्या कामात हाय." आणि सूप काखेला मारून पुतण्याला म्हणाल्या, "पन्नास न्हाई, साठ लिही. वरच्या दहा तुझ्या काकाच्या हातच्या. त्या तेवढ्या स्टेजवर बसणाऱ्यांस्नी वाढ."