बारा तिरफळं

मला मासे कळतात. हे वाक्य मी गेली तीस वर्षं पुण्यात राहून बोलतो आहे आणि मधे अख्खा सह्याद्री आडवा असल्यामुळे ते आजवर कोणी तपासून पाहिलेलं नाही.

ऑफिसात कोणाला मासे आणायचे असले की फोन मला येतो. "कल्ला उचलून बघ," मी मीटिंगमधून कुजबुजतो, "आत लालभडक हवं. डोळा फुगीर, काचेसारखा. बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये." यातला शब्दन् शब्द खरा आहे. अडचण एवढीच, की स्वतः बाजारात उभा राहिल्यावर मला यातलं काहीच करता येत नाही. कारण समोरची मावशी मला बघून म्हणते, "या साहेब, तुमाला काय सांगायचं, तुमाला सगळं कळतंय." आता हे ऐकल्यावर कल्ला कसा उचलणार? उचलला तर कळत नाही असं होईल! मी नुसती मान हलवतो, ती पाटीतले वरचे चार सोडून खालचे चार काढते, आणि मी जाणकारासारखे पैसे देतो.

त्यात सुरमईला 'इसवण' म्हणायची मला खोड आहे. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, हे गिऱ्हाइकांच्या गर्दीला कळावं म्हणून.

"इसवण आहे का?"

"ते नाय. सुरमई हाय."

"तीच ती."

"मग सुरमई म्हना की."

शेजारच्या बाई हसल्या. मी त्या दिवशी सुरमई घेतली नाही. इसवण नव्हती ना.

तसंही सुरमई हा माझा मासा नव्हे. 'मला मासे फार आवडतात, पण काटे नकोत' असं म्हणणाऱ्यांसाठी देवानं सुरमई निर्माण केली आणि उरलेल्यांसाठी बांगडा. बांगडा स्वस्त, तेलकट, अंगभर वास असलेला. तो घरी आला की जिन्यातच कळतं. आगळ, हळद, मीठ, तिखट चोळायचं, पाठीवर तिरक्या चिरा द्यायच्या, तांदळाच्या पिठीत घोळवून मंद आचेवर तव्यावर सोडायचा आणि मग, हे सगळ्यात अवघड, त्याला हात लावायचा नाही. माणसं मासा उलटायची घाई करतात आणि साल तव्याला देऊन बसतात. रवा की पिठी, या वादात मी पिठीच्या बाजूनं आहे. रवा कुरकुरीत लागतो हे मान्य, पण मग तुम्ही रवाच खा ना.

पण तळलेला बांगडा कोणीही करतो. बांगड्याचं खरं रूप तिखल्यात. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, थोडे धणे, हळद, चिंच, जेमतेम मूठभर ओलं खोबरं, सगळं गंधासारखं वाटायचं, बांगड्याच्या तुकड्यांना लावून बेताच्या पाण्यात शिजवायचं, फोडणी नाही, उतरवताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल. आणि तिरफळं.

तिरफळावर मी थोडं बोलणार आहे. घरचे या ठिकाणी उठून जातात.

तिरफळाचं झाड उंच, आणि खोडावर काटे असे, की चढणाऱ्यानं घरी सांगून जावं. श्रावणाच्या आसपास हिरवे घोस येतात. फळ वाळलं की उकलतं, आतली काळी बी टाकून द्यायची, कामाचं आहे ते वरचं टरफल. चिनी लोक ज्या मिरीनं जीभ बधिर करून घेतात ती याचीच बहीण, नेपाळ-सिक्कीमकडचा टिमूरही याच गोतातला, आणि सगळं खानदान लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. म्हणून तर वास आधी लिंबासारखा येतो. चव मात्र चव नसतेच. जिभेला मुंग्या येतात. शाळेत पेन्सिल-सेलचं टोक जिभेला लावून बघायचो, तसं. ही मुंगी आणि बांगड्याचं तेल एकत्र आलं की तेलकटपणा जातो आणि बांगडा उरतो. म्हणून तिरफळ बांगड्याला, तारलीला, पेडव्यांना. पापलेटाला तिरफळ घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाला गुदगुल्या करणं. आणि ते वाटायचं नाही! नुसतं ठेचून, पाण्यात बुडवून, त्या पाण्यासकट शेवटी घालायचं. वाटलं की कडू होतं आणि सात पिढ्यांचा उद्धार होतो.

पुण्यात आलो तेव्हा वाण्याकडे तिरफळ मागितलं. त्यानं त्रिफळा चूर्णाची डबी पुढे केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, माशाला घालायचंय. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती विसरणं कठीण आहे. पुढे गावाहून रोप आणून गच्चीतल्या कुंडीत लावलं. आज नऊ वर्षं झाली. काटे उत्तम येतात.

बायको सीकेपी असल्यामुळे या सगळ्या विद्वत्तेला घरात काडीची किंमत नाही. तिचं दैवत बोंबील. ताजा बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. त्याला मधून उघडून, मीठ लावून पाट्याखाली दाबल्याशिवाय तळता येत नाही, आणि एवढं करून तव्यावर पडतो तो निम्माच. पण ती भुजणं करते तेव्हा मी गप्प बसतो. कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिंचेचा कोळ, तेल सगळं कच्चंच हातानं कालवायचं, त्यात बोंबील ठेवायचे, झाकण मारायचं, चमचा आत घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं. वीस मिनिटांत संपतं. माझ्या तिखल्याला तीन तास आणि भाषण लागतं. "मसाला माशाला विचारून घालावा," असं ती मध्यंतरी तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती. रोख कळला.

पापलेटाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण मुलाच्या वाढदिवसाला आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी थाळी खायला गेलो. थाळीत अख्खं पापलेट. अख्खं म्हणजे माझ्या तळहाताएवढंही नाही. मी सवयीनं म्हणालो, "बघ, किती कोवळं आहे." मुलगा दहावीतला. तो म्हणाला, "बाबा, पिल्लू आहे ते." २०२३ साली सरकारनं पापलेटाला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान पकडायची नाही. पापलेटाला १३५ मिलिमीटर. म्हणजे बॉलपेनाएवढं. आमच्या ताटातलं पेनाच्या टोपणाशी स्पर्धा करत होतं. त्याला एकदा तरी अंडी घालू द्या, एवढंच मागणं आहे त्या नियमाचं. राज्यमासा म्हणून मिरवायचा आणि थाळीत मावावा म्हणून पाळण्यातला उचलायचा. चीड आली. पण खरी चीड याची, की 'कोवळं पापलेट' हा शब्द गेली तीस वर्षं मी कौतुकानं वापरत आलो आणि ऐकणाऱ्यांना वाटत आलं की याला मासे कळतात.

तर ही कळण्याची ख्याती घेऊन जगत असताना मागच्या ऑक्टोबरात आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वेंगुर्ल्याहून आमच्याकडे आली. वय ८१. मला मासे खायला शिकवलं ते हिनं. तारलीपासून सुरुवात केली होती, कारण तिच्या मते जो तारली खाईल तो जगात कुठेही जेवेल. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिला बांगडा हवा झाला. मी बाजारात जाऊन, मान हलवून, चार बांगडे आणले.

ती काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात आली. एका डोळ्यात औषध, दुसऱ्यावर अजून सायच. बांगडा हातात घेतला, पोटावरून अंगठा फिरवला. कल्ला उचलला नाही, वास घेतला नाही.

"कालचो?" मी अंदाज केला.

"कालचो नाय रे. परवाचो." मग जरा थांबून, "तुका मासे कळतत मा?"

बायको ओट्याकडे तोंड करून हसत होती. बांगड्याचं पोट आधी मऊ पडतं, डोळे आणि कल्ले नंतर दगा देतात, हे मला त्या दिवशी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. "तळू नको, तिखला कर," आत्यानं निकाल दिला, "असल्या माशाक तिरफळ व्हयाच." तिरफळाचं नाव निघाल्यावर मग माझा हात सैल सुटला.

जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, तिला ताटातलं नीट दिसत नव्हतं. भात आणि तुकडा यांतला फरक ती बोटांनी काढत होती. मी न विचारता ताट ओढून घेतलं. पाठीच्या रेषेवर नख घातलं, वरचा पदर उचलला, शेपटीकडून कणा धरून अलगद वर घेतला, तो अख्खा निघाला. मग पोटाकडचे बारीक. मग मधल्या ओळीतले, जे दिसत नाहीत, फक्त चिमटीला लागतात. हे सगळं तिनंच शिकवलं होतं, माझं ताट असंच ओढून घेऊन. त्या वेळी मी रडून ताट परत मागायचो. ती काही बोलली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आत्याला हात मांडीवर ठेवून बसलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला घास गिळायला वेळ लागला, आणि माझ्या तोंडात काटा नव्हता.

ताट परत सरकवलं. तिनं पहिल्याच घासात बोटं चाळवली आणि एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ह्यो कोणाक ठेवलंस?"

मग दोन बांगडे संपेपर्यंत शब्द नाही. पाणी प्यायली, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि म्हणाली, "तिरफळां जास्ती पडली."

करणार असाल तर चार बांगड्यांना पाच, फार तर सहा घाला. मी बारा घातली होती.