दोष : हिरवळ

आमच्या सोसायटीतले अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, सकाळी बागेत हसायला जातात, नाहीतर कमिटीत शिरून पाण्याच्या टाकीवरून भांडतात. अण्णा यातलं काहीच न करता बायकांच्या बेंटेक्सच्या दागिन्यांच्या मागे लागले.

त्यांच्या गॅलरीत एक टेबल आहे. त्यावर घड्याळजीचं भिंग, चिमटा, मुलांचे जुने झालेले मऊ टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, रंग नसलेलं नेलपॉलिश आणि एका वाटीत रिठ्याचं पाणी. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत सुटे खडे आणि मणी, रंगवार आणि मापवार लावलेले. ‘दोन एमएम, लाल’ अशी चिठ्ठी प्रत्येकीवर. शेजारी व्हर्निअर कॅलिपर. शंभर रुपयांच्या कुड्यांना व्हर्निअर कशाला, असं कुणी विचारलं की अण्णा त्या माणसाकडे फक्त बघतात.

दागिना नुसता नेऊन ठेवता येत नाही. आधी जॉब कार्ड भरायचं. मालकिणीचं नाव, वस्तू, दोष, कारण, उपाय, शेरा. ‘कारण’ या रकान्यापाशी चौकशी सुरू होते.

“घाम फार येतो का हो?”

तिसऱ्या मजल्यावरची नवी सून लाजून सासूकडे बघते.

“लाजायचं काय त्यात? घामात मीठ असतं. आत पितळ, पितळेत तांबं. वरचा मुलामा झिजला की मीठ तांब्याला गाठतं आणि हिरवळ धरते. आता सांगा, अत्तर मारता ते ठुशी घालायच्या आधी की नंतर?”

“नंतर.”

“लिहितो. घाम अधिक अत्तर. दुहेरी गुन्हा.”

“पण अण्णा, हे एक ग्रॅम सोन्याचं आहे,” सासू मध्ये पडते.

“वहिनी, यात खरंच एक ग्रॅम सोनं असतं तर दुकानदाराने या किमतीत दिलं असतं का? वरचा थर माझ्या मायक्रोमीटरलाही सापडायचा नाही. म्हणून तर म्हणतो, घासू नका.”

घासण्यावर अण्णांचा विशेष राग. चिंच, लिंबू आणि टूथपेस्ट हे त्यांच्या मते बेंटेक्सचे तीन वैरी. “चिंच लावायला ती काय समई आहे?” आंबटाने हिरवळीबरोबर उरलासुरला मुलामाही जातो आणि टूथपेस्टची पूड पातळ थर खरवडून काढते. लिंबाने तर खऱ्या मोत्याचंही पाणी उतरतं, आणि खोट्या मोत्यांवर कुणी नेलपॉलिश काढायचं औषध लावलं तर मोत्याचं कातडंच सोलून निघतं. एका बाईंनी तन्मणीची ही दशा करून आणली होती. अण्णांनी शेऱ्यात ‘मालकिणीस ताकीद’ असं लिहून कार्डावर त्यांची सही घेतली.

स्वतः ते कोमट रिठ्याच्या पाण्यात ब्रश बुडवून, बाळाची टाळू चोळावी इतक्या हळू हाताने घासतात. मग मलमलीच्या फडक्याने टिपायचं, टेबलफॅनखाली पूर्ण वाळवायचं, आणि अंगाला टेकणाऱ्या बाजूला नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा. घाम धातूपर्यंत पोचत नाही आणि ज्यांना निकेलची खाज सुटते त्यांचे कानही सुखात राहतात. हा थर झिजतो, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. अण्णा याला ‘प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स’ म्हणतात आणि ज्या चुकतात त्यांना जिन्यात अडवून आठवण करतात.

खड्यांचं काम वेगळं. स्वस्त खड्याच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो, चमक सगळी त्याची. पाणी मागे शिरलं की खडा काळवंडतो. म्हणून खड्याचा दागिना बुडवायचा नाही, ओलसर काडीने नुसता पुसायचा. पडलेला खडा एका थेंबात चिकटणाऱ्या गोंदाने बसवला तर त्याच्या वाफेने आजूबाजूचे खडे मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके होतात. अण्णांचा भरवसा दोन ट्यूबा कालवून करायच्या अरल्डाइटवर. ते पुरतं आवळायला चोवीस तास, आणि हळदीकुंकू असतं संध्याकाळी पाच वाजता. “क्युअरिंगला घाई नाही,” हे वाक्य ऐकून कित्येक बायका एकाच कानात बुगडी घालून हळदीकुंकवाला गेल्या आहेत, दुसऱ्या कानावर पदर ओढून.

माळ ओवल्यावर नायलॉनच्या दोऱ्याचं टोक ते पेटत्या उदबत्तीने वितळवतात. त्यामुळे दिवसभर त्यांच्या घरातून चंदनाचा वास येतो आणि नव्या बिऱ्हाडांना वाटतं, काय देवभोळं माणूस आहे!

भाद्रपदात मात्र गॅलरीत शिफ्ट लागते. वर्षभर ट्रंकेत पडलेले गौरींचे दागिने आवाहनाच्या आदल्या दिवशी बाहेर निघतात, ते थेट शेवाळलेले. ज्येष्ठेचा चपलाहार ठीक आणि कनिष्ठेचा काळा, असं कसं चालेल? अण्णा रात्री जागून दोन्ही बहिणींना सारखं करतात आणि परत देताना डब्यात खडूचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीतली सिलिकाची पुडी घालतात, ओल ओढून घ्यायला. पैसे घेत नाहीत. मोबदला म्हणून जोडीदार हरवलेलं एखादं कानातलं चालतं. त्यातलेच खडे पुढे कामी येतात. नाहीच जुळले तर अण्णा बस पकडून रविवार पेठेत बोहरी आळीत जातात. धंद्यात सगळ्यात मोठा खर्च बसभाड्याचा.

इथवर सगळं गोड होतं. अडचण एवढीच, की बायका दागिना आणतात तो लोकांना सोन्याचा वाटावा म्हणून. अण्णा दुरुस्त करतात तो लोकांना कळावा म्हणून.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भाच्याच्या लग्नात मोहनमाळ घालून गेल्या. माळ अशी उजळली होती की मुलीकडच्या विहीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, “तोळा लाखावर गेला, तरी घडवलीत! हौस आहे हो!” वहिनींनी हो की नाही ते न ठरणारं एक हसू आणलं. एवढ्यात मागून मठ्ठ्याचा पेला घेऊन अण्णा आले.

“बेंटेक्स आहे! आतून पितळ! सात मणी मी बदललेत. कुठले ते ओळखून दाखवा!” आणि खिशातून त्यांनी भिंग काढलं.

विहीणबाईंना एकही मणी ओळखता आला नाही. अण्णांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण असावा. मुलीकडून त्यांना तिथल्या तिथे चार कामं मिळाली. वहिनी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत, आणि तिळगूळही पाठवला तो मुलाच्या हाती. हल्ली आमच्याकडे लग्नपत्रिका काकूंच्या हातात देऊन हळूच सांगतात, “तुम्ही या हं नक्की. अण्णांना दगदग नको.”

काकूंना त्याचं फारसं काही वाटत नाही. “अहो, निदान ‘मी पॉलिश केलं’ एवढं तरी म्हणू नका,” असं त्या म्हणतात खऱ्या. पण त्यांची स्वतःची ठुशी बेंटेक्सची आहे, हे सगळ्या पिंपरी-चिंचवडला केव्हाच कळून चुकलंय.

गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सासूबाईंच्या वेळचा डबा तसाच आणून दिला. सगळं मिळून मूठभर काळं-हिरवं. अण्णांनी त्यातला एक गोफ तळहातावर घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मळ होता, पण हिरवळ कुठेच नव्हती. मग काट्यावर वजन, मग काठोकाठ भरलेल्या पेल्यात बुडवून सांडलेल्या पाण्याचं माप. त्याच आकाराच्या पितळेपेक्षा दुपटीने जड. अण्णा त्याच पावली चौथ्या मजल्यावर गेले. आजी रडल्या, मुलाने पेढे आणले, जिनाभर वाटले. वर्षानुवर्षं हरवलेला गोफ खोट्यांच्या डब्यात सापडला म्हणून आम्ही सगळे अण्णांचं अभिनंदन करायला गेलो, तर ते टेबलाशी बसून कुणाची तरी पुतळ्यांची माळ उलगडत होते.

“अर्धा दिवस गेला फुकट,” म्हणाले. पेढा घेतला, तोही काकूंनी डोळे वटारल्यावर.

गोफाचं कार्ड टेबलावरच पडलं होतं. दोषाच्या रकान्यात लिहिलं होतं : सोन्याचा आहे. काम नाकारले.