चार मात्रांची मुभा

इंग्लंडातील ब्लॅकपूल या सागरतीरस्थ नगरीत, जेथे बॉलरूम नृत्याचा विख्यात महोत्सव १९२० पासून भरत आला आहे, त्याच एम्प्रेस बॉलरूममध्ये १९६४ च्या जुलैत रोलिंग स्टोन्स या रॉक वाद्यवृंदाच्या जलशाला अशी दंगल उसळली की, झुंबरे आणि पियानो यांची वासलात लागल्यावर नगरपालिकेने त्या मंडळींवर मनाई-हुकूम बजावला. आणि तो सरकारी दिरंगाईने म्हणा वा इंग्रजी चिकाटीने म्हणा, २००८ पर्यंत, म्हणजे मुख्य गायकाची साठी उलटून गेल्यावरही, दप्तरी कायम होता.

आता त्याच जातीच्या दिवाणखान्यात रॉकचा वाद्यवृंद प्रत्यक्ष गर्जू लागला, की वर्षानुवर्षे मान ताठ आणि हनुवटी उन्नत ठेवून वॉल्ट्झच्या तीन मात्रांची इमानेइतबारे चाकरी केलेली पन्नाशीची दांपत्ये प्रथम ढोलकऱ्याकडे अशा नजरेने पाहतात, जणू त्याने एक मात्रा जास्तीची, तीही विनापरवाना, वसूल केली आहे. मग कोणीतरी स्मरण देते की, स्पर्धेच्या शिरस्त्यात जाइव्ह हा नाचही आहे, आणि त्याचे गोत्र रॉकशीच जुळते. एवढी सनद हाती पडताच प्रतिष्ठेचे जोखड गळून पडते, कमरेचा जुना विकार तहकूब होतो, आणि गृहस्थ घामाने निथळत उड्या मारू लागतात. मौज एवढीच की, त्या उन्मादातही पत्नीचा उजवा हात त्यांच्या डाव्या हातात नियमानुसारच असतो, आणि ओठ हळूच पावले मोजत असतात.