मौजे निर्मनुष्य

जमिनीवरून माणसे उठविणे सरकारला किती जड जाते, हे धरणांच्या आणि महामार्गांच्या दप्तरांची धूळ ज्यांनी खाल्ली आहे त्यांना निराळे सांगावयास नको. अधिसूचना निघते, हरकती मागविल्या जातात, मोजणीदार साखळी ओढीत शिवारातून फिरतात, मोबदल्याचा दावा दिवाणी कोर्टात जाऊन बसतो, आणि मूळ खातेदाराचा नातू वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालू लागला तरी जमीन काही मोकळी होत नाही. हेच काम एखादा गृहस्थ गळ्यात यंत्र अडकवून, कोणाची हरकत न मागविता आणि कोणास दमडीचा मोबदला न देता, सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या घटकेत उरकतो. इतकेच नव्हे, तर त्याबद्दल शहरातल्या वातानुकूलित कलादालनात शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला जातो. निसर्ग आणि प्रवास या विषयांवरील छायाचित्रांचे एकल प्रदर्शन, असे या सत्कारसमारंभाचे अधिकृत नाव असून, हिवाळा लागला की त्याच्या निमंत्रणपत्रिका लग्नपत्रिकांच्या बरोबरीने आमच्या दारात येऊन पडतात.

अशाच एका प्रदर्शनाला परवा आम्ही हजेरी लावली. उद्घाटनासाठी एक निवृत्त सनदी अधिकारी लाभले होते. सह्याद्रीपासून लडाखपर्यंतची ही सारी स्थळे आपण सेवाकाळात सरकारी जीपमधून पाहिली असून त्यांपैकी एकही त्या वेळी इतके सुंदर नव्हते, असे त्यांनी भाषणात प्रांजळपणे सांगितले. आणि ही सुधारणा नेमकी कोणत्या पंचवार्षिक योजनेत झाली, असा प्रश्न केवळ सभ्यपणामुळे कोणी विचारला नाही. समई पेटली, बटाटेवडे आणि कॉफी फिरली, आणि जमलेल्या रसिकांनी छायाचित्रांची छायाचित्रे काढण्यास प्रारंभ केला. चित्रांवर काच होती आणि काचेवर छतातल्या दिव्यांचा असा लखलखाट पडला होता की, पँगाँग सरोवराच्या निळ्याशार पाण्यात आम्हांस प्रथम चार दिवे आणि त्यांच्या मधोमध स्वतःचे टक्कल दिसले. २००९ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटानंतर ज्या सरोवराच्या काठी पर्यटकांची रीघ लागली, आणि चित्रपटातल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढून घेण्याचे जेथे रोख पैसे पडतात, त्या काठावर या चित्रात स्कूटर नव्हती, तंबू नव्हते, पर्यटक नव्हते. सबंध दालन फिरून आल्यावर ध्यानात आले की, त्या अफाट भूप्रदेशात आमचे टक्कल हाच काय तो मनुष्यवस्तीचा पुरावा होता.

प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी डकवलेली होती. तीवर शीर्षक, यंत्राचा तपशील आणि किंमत अशा तीन नोंदी असत. शीर्षके 'मौन', 'अनंत', 'एकांत' आणि पुढल्या भिंतीवर 'एकांत २' अशी. यंत्राचा तपशील मात्र कोणत्याही पंचनाम्यास लाजवील इतका काटेकोर: भिंग अमुक, छिद्र एफ ११, वेळ सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. गावाचे नाव कोठेही नव्हते. मौजे, तालुका, जिल्हा आणि चतुःसीमा लिहिल्यावाचून ज्या मुलखात विहिरीचा आठवा हिस्सादेखील कोणाच्या नावावर चढत नाही, त्या मुलखातले सबंध डोंगर येथे बेवारस टांगलेले होते. एका वृद्ध बाईंनी एका चित्रासमोर थांबून "हे कुठलं हो?" असे विचारले, तेव्हा छायाचित्रकार मोठ्या आदबीने पुढे होऊन म्हणाले, "हे ना आजी, सोळा-पस्तीसनं काढलंय." बाईंनी समजूतदारपणे मान हलविली आणि म्हटले, "असं का! तिकडे थंडी फार असेल, नाही?"

'एकांत' हे चित्र कासच्या पठाराचे आहे, हे आम्ही चिठ्ठीवाचून ओळखले. साताऱ्याच्या पश्चिमेस पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर पसरलेला हा जांभ्याचा सडा. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली आणि तेव्हापासून भाद्रपदातल्या रविवारी तेथे फुले अधिक की माणसे अधिक, याचा निवाडा करणे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही कठीण होऊन बसले. आगाऊ नोंदणी करून शुल्क भरावे लागते, गाडी दूर वाहनतळावर सोडावी लागते, आखून दिलेल्या वाटेनेच चालावे लागते, आणि वाट सोडून फुलांत बसकण मारणाऱ्या वऱ्हाडावर भोवतालच्या गावांतले स्वयंसेवक शिट्ट्या फुंकून फुंकून घसा आणि श्वास दोन्ही घालवतात. आता चित्र पाहा. खाली गुलाबी तेरडा, मध्ये पिवळी सोनकी, एका ओल्या खळग्यात निळसर सीतेची आसवे, वर जांभळ्या मेघांची कमान. शिट्टी नाही, दोर नाही, वऱ्हाड नाही. हा एकांत कसा साधला, असे विचारता कळले की छायाचित्रकार त्या वेळी पोटावर पालथे पडले होते आणि त्यांच्या उजव्या-डाव्या अंगाला, कोपराला कोपर लावून, तोच एकांत टिपणारे आणखी काही कलावंत तिकाट्या रोवून पालथे पडले होते.

या पठाराविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली. मध्यंतरी फुलांच्या रक्षणार्थ कुंपण घालण्यात आले. तेव्हा गुरांचे चरणे आणि तुडविणे थांबल्यामुळे गवत माजून फुलेच विरळ होत नाहीत ना, अशी शंका गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनीही बोलून दाखविली, आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. म्हणजे ज्या गुराख्यास चौकटीबाहेर हाकलल्यावाचून चित्राला 'एकांत' हे नाव देता येत नाही, त्याच्याच म्हशींनी ते चित्र आजवर राखले असावे, असे म्हणण्यास पुरेपूर जागा आहे. परंतु म्हैस ही छायाचित्रणाच्या शास्त्रात अद्याप निसर्गात मोडत नाही. बगळा मोडतो, म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा मोडावा किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत.

न्यायाने बोलावयाचे तर माणसे नाहीशी करण्याची ही विद्या आजच्या छायाचित्रकारांनी काढलेली नव्हे. ती या कलेच्या जन्माबरोबरच आली आहे. १८३८ च्या सुमारास लुई दाग्येर यांनी पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे चित्र वरच्या मजल्याच्या खिडकीतून घेतले. रस्त्यावर घोडागाड्यांची आणि पादचाऱ्यांची वर्दळ होती. पण प्रकाश टिपून घेण्यास त्या वेळी काही मिनिटे लागत असल्यामुळे जे जे हलले ते ते विरून गेले, आणि पायातले बूट चकचकीत करून घेण्यासाठी एक गृहस्थ कोपऱ्यावर स्वस्थ उभा होता, तेवढा उमटला. बूट पुसणाराही तेथे आहे, पण त्यास पुसट आकृतीवरून ताडावे लागते. त्याचे हात चालू होते ना! छायाचित्रात आलेला पहिला मनुष्य म्हणून जगाने ज्याची नोंद केली तो दुसऱ्याकडून पादत्राणे साफ करून घेणारा असावा, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

दाग्येर यांच्या यंत्राचा तो दुबळेपणा होता. आज तोच दुबळेपणा पदरचे पैसे खर्चून विकत घेतात: भिंगापुढे काळी काच बसवितात, पडदा अर्धा-अर्धा मिनिट उघडा ठेवतात, आणि ज्या कोकणच्या समुद्राची गाज ऐकून खलाशांच्या बायका रात्र जागून काढतात, त्याची दुधावरची साय करून भिंतीवर लावतात. आकाशाचीही हीच कथा. पूर्वीचे रासायनिक लेप निळ्या प्रकाशाने फाजील करपत असल्यामुळे चित्रात आकाश कोरे पांढरे येई. म्हणून १८५० नंतरच्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच कलावंताने समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन कागदावर दोहोंचे लग्न लावून दिले. आता संगणकात आकाशांचे कोठारच भरलेले असते. परवाच्या प्रदर्शनात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शेपटी वळवून बसलेला एक ढग आम्हांस पुढे स्पितीतल्या एका मठावर आणि त्याच्याही पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर भेटला. त्या ढगाचे प्रवासवर्णन कोणी लिहिले, तर छायाचित्रकाराच्या प्रवासाहून ते खचित रोचक होईल.

या परंपरेचे हिंदुस्थानातील एक आद्य पुरुष सॅम्युअल बोर्न हे नॉटिंगहॅमच्या बँकेतली कारकुनी सोडून १८६३ साली इकडे आले. काच ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावे लागे, म्हणून काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखाचा एक तंबू, असा सारा सरंजाम तीस-चाळीस हमालांच्या पाठीवर लादून ते हिमालयात हिंडले, आणि १८६६ साली मणिरंगच्या खिंडीत, साडेअठरा हजार फुटांवर, त्यांनी चित्रे घेतली. पराक्रम खराच, तो नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. मात्र हमाल मध्येच ओझी टाकून पळून जातात, अशी त्यांची विलायती नियतकालिकात छापून आलेली तक्रार वाचताना, त्या हमालांचे या कलेविषयीचे मत कोणत्या नियतकालिकाने छापले असते, असा विचार मनात येतोच.

आता कोणी म्हणेल की, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दालनात माणसे होती. होती खरी. प्रवास या सदराखाली बनारसच्या घाटावरचा चिलीम ओढणारा साधू होता, कार्तिकातल्या पुष्करच्या जत्रेतला लाल पगडीवाला होता, लडाखची एक आजीबाई होती, आणि दाराआडून हसणारे एक शेंबडे मूल होते. या मंडळींना प्रवेश कोणत्या निकषावर मिळाला, हे आम्ही बराच वेळ न्याहाळले. वय सत्तरीपुढे असावे किंवा सातांच्या आत. मधल्या वयाची, म्हणजे कामाला जाणारी माणसे अपात्र. चेहऱ्यावर सुरकुत्या किमान इतक्या असाव्यात की तिरप्या उन्हात त्या मोजता याव्यात. पाटलोण, मनगटी घड्याळ आणि भ्रमणध्वनी यांपैकी काहीही अंगावर आढळल्यास अर्ज तत्काळ फेटाळला जातो. पगडीवाल्याच्या खिशातून डोकावणारी मोबाइलची वायर खोडून काढलेली आम्हांस दिसली. खोडणाऱ्याचा हात जरा घाईत असावा, कारण वायरीबरोबर बंडीचे एक बटणही गेले होते. चिठ्ठीवर नाव या माणसांचेही नव्हते. साधूच्या खाली 'चिंतन' असे लिहिले होते, आणि साधू बहुधा ठरल्या रकमेपैकी उरलेल्या पैशांचे चिंतन करीत होता.

दालनाचा रखवालदार सातारा जिल्ह्याचा निघाला. तो 'अनंत' नावाच्या चित्रासमोर, ड्युटी विसरून, मान तिरपी करून उभा होता. छायाचित्रकार जवळ येताच तो म्हणाला, "सायेब, ह्यो आमचा माळ. ही टेकडी वळखली म्या. पर हितं आमचं घर हाय, पत्र्याचं. ते कुठं गेलं?"

"होतं खरं," छायाचित्रकार दिलदारपणे म्हणाले, "पण निळा पत्रा डोळ्याला फार खुपत होता. काढून टाकलं."

रखवालदाराने थोडा विचार केला. "मंग घरपट्टी बी माफ व्हईल का?"

यावर मंडळी हसली; रखवालदार हसला नाही, कारण त्याचा प्रश्न कायदेशीर होता.

एक चित्र मात्र आम्हांस मनापासून आवडले, हे नमूद करणे इष्ट. ते शौचालयाकडे जाणाऱ्या बोळात लावले होते. आंबोलीच्या घाटातला पाऊस, धुक्यात बंद पडलेली एस.टी., उतरून बॉनेटपाशी जमलेले उतारू, डोक्यावर युरियाचे पोते घेतलेली एक बाई, आणि या साऱ्यांकडे पाठ करून, अशा प्रसंगांचा सराव असल्याप्रमाणे, निवांतपणे कणीस खाणारा कंडक्टर. पाऊस कोठे पडतो, कोणावर पडतो आणि त्यामुळे कोणाचे किती खोळंबते, हे सारे त्या एका चित्रात होते. त्याखाली ना शीर्षक, ना किंमत. आम्ही स्तुती करताच छायाचित्रकार ओशाळले. "ते तसंच काढलेलं," ते म्हणाले, "मिसेसनी हट्ट केला म्हणून लावलं. उद्या काढतोय."

विक्रीची लाल टिकली लागली ती 'अनंत'वर. गिऱ्हाईक एक तरुण बांधकाम व्यावसायिक होते. त्याच बाजूला, डोंगरालगत, त्यांचा बंगल्यांचा प्रकल्प उभा राहत असून नमुना-बंगल्याच्या दिवाणखान्यात हे चित्र लावावयाचा त्यांचा मानस होता. खिडकीतून जे दिसणार ते आधी भिंतीवर दिसलेले बरे, आणि बंगले बांधून झाल्यावर खिडकीतून ते दिसेलच अशी हमी देता येत नाही, असा त्यांचा व्यवहारी हिशेब. त्यांनी भिंतीचे माप मोबाइलवर तपासले, चित्राकडे पाहिले, दोन पावले मागे सरले, आणि विचारले, "ही टेकडी जरा डावीकडे घेता येईल का? उजवीकडे एसी येतोय."

"घेऊ की," छायाचित्रकार म्हणाले. "पण फ्रेमचे वेगळे पडतील."