बिनखर्चाचा बहिष्कार

देवमाशांची शिकार थांबावी असं मनापासून वाटतं, पण त्यासाठी नेमका कशावर बहिष्कार घालावा हे कळत नाही, अशी अनेक सज्जनांची अडचण असते. त्यांच्यासाठी ही छोटी मार्गदर्शिका. बहिष्काराचे प्रकार दोन. एकात आपल्याला त्रास होतो, दुसऱ्यात होत नाही. पहिल्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात यश येण्याचा धोका असतो.

सुरुवात देश निवडण्यापासून. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव १९८२ साली केला आणि तो १९८६ पासून अमलात आला. तरीही ही शिकार सोडवत नाही असे ठळक देश तीन : जपान, नॉर्वे आणि आइसलँड. नवशिक्याने आइसलँडपासून सुरुवात करावी. आपल्या फडताळात आइसलँडची एकही बरणी नसते, त्यामुळे बहिष्कार आदल्या दिवशीपासूनच यशस्वी असतो. शाकाहारी घरांना तर पूर्वलक्षी प्रभावाने श्रेय घेता येईल. त्यांच्या सात पिढ्यांनी देवमासा चाखलेला नाही.

नॉर्वे थोडा अवघड. या देशाने १९८२च्या ठरावावर हरकत नोंदवून ठेवली होती आणि १९९३ मध्ये व्यापारी शिकार राजरोस पुन्हा सुरू केली. तेव्हा युरोप-अमेरिकेत नॉर्वेच्या मालावर बहिष्काराची हाक दिली गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या लिलहॅमरला हिवाळी ऑलिंपिक होतं, त्यामुळे हाकेला मुहूर्तही चांगला मिळाला. पण नॉर्वेची मोठी कमाई खनिज तेल आणि वायूची. ऐन थंडीत घरातला हीटर बंद करून देवमाशासाठी कुडकुडत बसणारा निदर्शक दुर्मीळ. बहुतेकांनी सामन मासा न खाण्यावर भागवलं आणि उबदार खोलीत बसून नॉर्वेला निषेधाची पत्रं लिहिली.

जपानच्या बाबतीत मात्र फार सांभाळून. अमेरिकेतल्या प्राणिमित्र संस्थांनी १९७४ मध्ये जपानी आणि सोव्हिएत मालावर बहिष्कार पुकारला. सोव्हिएत मालाचा प्रश्न नव्हता. व्होडका सोडली तर सामान्य अमेरिकन माणूस रशियाचं विकत काय घेत होता? पण जपानी मालाची वेळ चुकली. नुकताच तेलाचा भडका उडालेला, आणि अमेरिकन गिऱ्हाईक कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या जपानी गाड्यांकडे वळू लागलेलं. देवमाशाचं प्रेम आणि गाडीचं मायलेज यांच्यात निवड करायची वेळ आली की माणूस गाडीच्या मागच्या काचेवर देवमाशाचं स्टिकर लावतो.

मुंबईकरांनी तर याचा विचारही करू नये. सुझुकी दारात ठेवावी लागेल. मेट्रो तीनला जपानी कर्ज लागलेलं, म्हणून भुयारात उतरता येणार नाही. अटल सेतूलाही तेच कर्ज, म्हणजे पुन्हा वाशीच्या पुलावरची रांग. बुलेट ट्रेनवर तेवढा बहिष्कार घालता येईल. ती अजून सुरू व्हायची आहे.

आता धोक्याची सूचना. काही मंडळींनी १९८८ मध्ये ही सगळी पथ्यं धाब्यावर बसवली. आइसलँड तेव्हा 'शास्त्रीय संशोधना'च्या नावाखाली देवमासे मारत होता. ग्रीनपीसवाल्यांनी देवमाशाच्या मांसावर बहिष्कार घातला नाही. ते अमेरिकेत कोणी खातच नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं आइसलँडच्या साध्या मासळीवर, जिच्यावर त्या देशाचं पोट चालतं. अमेरिकेतली लाँग जॉन सिल्व्हर्स ही तळलेल्या माशांची साखळी, बोस्टनच्या सरकारी शाळा, जर्मनीतली टेंगेलमान दुकानं ही आइसलँडची नेहमीची गिऱ्हाइकं. त्यांनी एकामागून एक हात आखडता घेतला. १९८९ नंतर शिकार थांबली ती २००३ पर्यंत. चार वर्षांचा संशोधन कार्यक्रम ठरल्याप्रमाणे संपला, दबावाचा काही संबंध नाही, असं आइसलँडकडून सांगण्यात आलं. हरलेल्या माणसाला एवढं बोलू द्यावं.

इथे नेमकं काय बिघडलं ते नीट समजून घ्या, म्हणजे आपल्या हातून तसं होणार नाही. ज्यांनी माल नाकारला ते खरोखरच तो माल घेत होते. पुण्यात १९०५ साली विदेशी कापडाची होळी पेटली तेव्हाही हेच झालं. लोकांनी आगीत टाकलं ते वापरातलं कापड होतं. मँचेस्टरला त्याची धग लागली ती त्यामुळे. गिऱ्हाईक नसलेल्याने कितीही गर्जना केल्या तरी दुकानदार गल्ल्यावरून मान वर करत नाही.

आता कोणी म्हणेल, मग गिऱ्हाइकांनी जोर लावला की काम फत्ते. तसंही नाही. अमेरिकेत घरोघरी फ्रीजरमध्ये गॉर्टन्सच्या माशाच्या कांड्या असतात. ही कंपनी जपानच्या निस्सुई उद्योगाची, आणि शिकारीची जहाजं चालवणाऱ्या क्योदो सेनपाकू कंपनीत निस्सुईचा वाटा होता. हा धागा सापडताच निदर्शकांनी गॉर्टन्सला धरलं. २००६ मध्ये निस्सुई आणि तिच्या भागीदार कंपन्यांनी आपले समभाग सोडले. टाळ्या पडल्या. समभाग गेले कुठे? सार्वजनिक हिताच्या संस्थांकडे, आणि त्यांत एक ती देवमाशांवर 'संशोधन' करणारी संस्थाच. व्यापारी बाहेर पडला, शिकार पूर्णपणे सरकारच्या पदरात पडली. व्यापाऱ्याला तोटा झाला की तो दुकान बंद करतो. सरकारला तोटा झाला की ते अनुदान वाढवतं. २०११च्या त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीच्या निधीतून सुमारे २२८ कोटी येन शिकारीच्या कार्यक्रमाला गेले. त्या निधीत जपानी करदात्याचा पैसा होता, आणि कर भरण्यावर बहिष्कार घालायची सोय कुठल्याच मॉलमध्ये नसते.

जपानची शिकारही तेव्हा संशोधनाच्याच नावाखाली चाले. ते संशोधन किती कसून चाललं होतं तेही पाहा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी जपानचा अंटार्क्टिकमधला कार्यक्रम शास्त्रीय कारणासाठी नाही असा निकाल दिला. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंके देवमासे मारले गेले होते, आणि जपानला दाखवता आले ते तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध दोन. निबंधामागे अठराशे देवमासे. एवढं साहित्य एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने वापरलं असतं तर गाईडनेच कॉलर पकडली असती. शेवटी २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि जुलैपासून उघड व्यापारी शिकार सुरू केली. निदान संशोधनाचं सोंग तरी उतरलं.

या सगळ्या गदारोळात खरा बहिष्कार घातला तो मात्र भलत्याच लोकांनी. युद्धानंतरच्या उपासमारीच्या काळात जपानी पोरांच्या शाळेतल्या जेवणात देवमाशाचं मांस असायचं. १९६२ च्या सुमारास देशात वर्षाला दोन लाख टनांहून अधिक मांस खपत होतं. आज दोन हजार टनांच्या आसपास खपतं. ना मोर्चा, ना पत्रक. हातात पैसा आला, बाजारात कोंबडी आणि डुक्कर आलं, आणि लोकांनी तिकडे ताट वळवलं. क्योदो सेनपाकूने २०२३ मध्ये योकोहामाला देवमाशाचं मांस विकणारी यंत्रं बसवली. यंत्राची सोय अशी की त्याच्यापुढे घोषणा दिल्या तरी ते लाजत नाही. पण नाणं टाकायलाही कोणीतरी लागतंच. आइसलँडच्या ह्वालूर कंपनीने २०२५ च्या उन्हाळ्यात जहाजं बाहेर काढली नाहीत, आणि कारण सांगितलं ते जपानमधल्या पडलेल्या भावाचं. तोक्योतल्या कुठल्याशा आजोबांनी हॉटेलात देवमाशाऐवजी ट्यूना मागवला, त्याचा हा परिणाम. त्यांना तो अजून कोणी कळवलेला नाही.

उलट शिकारीला हातभार लावणारे सापडले प्रेमळ लोकांतच. रेकयाविकच्या बंदरात सकाळी बोटीतून देवमासा पाहून गहिवरणारा पर्यटक संध्याकाळी हॉटेलात त्याचाच मिंके स्टेक 'एकदा चाखून बघू' म्हणून मागवायचा. स्थानिक लोक ते क्वचितच खात. अखेर २०११ पासून 'आम्हाला भेटा, खाऊ नका' अशी मोहीम पर्यटकांसाठीच काढावी लागली. नॉर्दर्न लाइट्स पाहायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ग्रुप टूर्सनी लक्षात ठेवावं. अनुभव म्हणून घेतलेल्या एका घासाचंही बिल होतं.

आणि कोकणाचं काय? रत्नागिरीपासून ठाण्यापर्यंत 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या बातम्या येत राहतात, किंमत कोटींत छापून. वस्तू बाळगणं आणि विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा, तरी अत्तराच्या बाजाराच्या आशेने माणसं ती पिशवीत घालून गिऱ्हाईक शोधत हिंडतात. बरेचदा मिळतं ते गिऱ्हाईक म्हणजे साध्या वेशातला पोलीस असतो. देवमाशाच्या बाजूने जगात इतका चोख खरेदीदार दुसरा नाही.

तेव्हा बहिष्काराच्या पत्रकावर सही करण्याआधी ज्याच्यावर बहिष्कार घालायचा त्याच्या दुकानाची शेवटची पावती शोधा. सापडली, तर ती घेऊन त्याच्याकडे जा आणि पुढची फाडावी लागणार नाही एवढंच शांतपणे सांगा. लाँग जॉन सिल्व्हर्सकडे अशी पावती होती म्हणून आइसलँडने ऐकलं. नाही सापडली, तर खुशाल सही करा. ठळक अक्षरात करा, फोटो काढा. देवमाशाचं काही बिघडणार नाही. दुकानदाराचं तर नाहीच नाही.