देवाच्या पैशातले तुमचे दहा टक्के : 'फाईल'वाल्या दादांना खुले पत्र

श्री. 'फाईल'वाले दादा,
मु. पो. हॉस्पिटलच्या गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान,
मीरा-भाईंदर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचं जाहीर कौतुक करायचं राहून गेलं होतं. आपल्या शहरात सहसा कुणाचं कौतुक राहत नाही. वाढदिवस असो, नियुक्ती असो, नाहीतर गटाराचं झाकण बदललेलं असो, दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतो. तुमचा फलक मात्र आजवर कुठे दिसला नाही. गोरगरिबांची एवढी कामं करूनही प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणारा समाजसेवक मीरा-भाईंदरमध्ये सापडणं म्हणजे नवलच. म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ज्यांची 'कामं' तुम्ही केलीत, त्यांनाही नाही. 'दादा' एवढंच सांगतात आणि एक मोबाईल नंबर दाखवतात, जो पैसे दिल्यावर लागत नाही. हॉस्पिटलचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही कुण्या एका हॉस्पिटलचे नाहीच. जिथे आजारी माणूस आहे आणि त्याच्या नातेवाइकाला वाचता येत नाही, ते तुमचं कार्यक्षेत्र.

आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या यजमानांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली, तेव्हा त्यांच्या हातात तुमची फाईल प्रथम पाहिली. प्लास्टिकची, पारदर्शक, चेनवाली. आत रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स, केशरी कार्ड काळंकुट्ट उमटलेलं. आधार, सहा पासपोर्ट फोटो, डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, त्यावर गोल शिक्का. आणि शेवटी तीन कोरे कागद, प्रत्येकाच्या तळाशी मावशींची सही. सही कसली, मोठ्या कष्टाने गिरवलेली चार अक्षरं. कोऱ्या कागदावर सही कशाला दिली, विचारलं तर म्हणाल्या, "दादा म्हणले, लागंल तसं लिहून घेतो. तुमी कामं सोडून कुटं हेलपाटे घालणार?"

केवढी ही काळजी! फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बॉलपेनने दरपत्रकही होतं. फॉर्म ५००. साहेबांचं पत्र २,०००. मंजुरी आल्यावर १० टक्के. जीएसटी लावला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

आता तुमच्या हुशारीबद्दल. सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना मदत देतो, त्याच्या अर्जाला एक पैसाही पडत नाही. हा फुकटचा कागद ५०० रुपयांना विकणं यालाच व्यापार म्हणतात, आणि तो तुमच्याकडून शिकावा. मदत मंजूर झाली की चेक सहसा रुग्णाच्या हाती न देता थेट हॉस्पिटलच्या नावाने निघतो. मधल्या मध्ये कुणी हात मारू नये, म्हणून केलेली ही सोय. तुम्ही तिच्यावरही तोड काढलीत. देवाचा पैसा चेकने येतो, तुमचा रोखीने आणि तोही आधी. 'खर्चणाऱ्याचं खर्चतं आणि कोठावळ्याचं पोट दुखतं' अशी आपल्याकडे म्हण आहे. तुम्ही ती सुधारलीत. तुमच्या राज्यात कोठावळ्याचं पोट दुखत नाही, भरतं.

तुमचा आणखी एक गुण डोळ्यांत भरतो, तो म्हणजे सर्वधर्मसमभाव. २०११च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर गेलेलं हे शहर. इथे भाईंदरला जैन मंदिरांची रांग, मीरा रोडला मशिदी, उत्तनला समुद्राकाठी वेलंकणी मातेचं देऊळ आणि कोळ्यांची चर्चेस. प्रत्येक धर्मात दानाची आपापली रीत आहे. जैनांची जीवदया माणसांपर्यंतही पोहोचते. मुसलमान शिलकी संपत्तीतले अडीच टक्के जकात म्हणून काढतात आणि रमझानमध्ये त्यातून कित्येकांचं डायलिसिस चालतं. चर्चमध्ये गरिबांसाठी वेगळी पेटी असते. मीरा रोडचं भक्तिवेदान्त रुग्णालय १९९८ साली श्री चैतन्य सेवा ट्रस्टने सुरू केलं, तिथे औषधाच्या जोडीला रुग्णाच्या मनाला आधार देणारा स्वतंत्र विभागही आहे. या साऱ्या उभारणीत तुमचा काडीचा वाटा नाही. तुमचा वाटा नंतर सुरू होतो. मंदिराचा चेक असो, जकातीची रक्कम असो, नाहीतर चर्चची मदत असो, तुमचे दहा टक्के सगळीकडे सारखेच.

जानेवारी २०२४मध्ये मीरा रोडच्या नया नगर भागात दंगा झाला, पाठोपाठ बुलडोझर आले. कित्येक दिवस माणसं एकमेकांच्या गल्लीतून जायला बिचकत होती. तुम्ही नाही बिचकलात. दोन्ही बाजूंच्या फायली तुमच्या एकाच पिशवीत होत्या. ज्या दिवसांत शांतता समितीच्या बैठकीला दोन्हीकडची माणसं गोळा करताना पोलिसांना घाम फुटत होता, त्या दिवसांत तुमच्याकडे रांग मात्र एकच होती. जातीय सलोख्याचा पुरस्कार खरं तर तुम्हालाच द्यायला हवा. तो मिळवायलाही कुणीतरी फाईल करावी लागेल, एवढीच अडचण.

आता जरा जुना हिशेब सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. प्रभादेवीचं सिद्धिविनायक मंदिर १९ नोव्हेंबर १८०१ रोजी उभं राहिलं. बांधलं लक्ष्मण विठू यांनी, पैसा दिला देऊबाई पाटील या आगरी समाजातल्या श्रीमंत बाईने. तिला मूलबाळ नव्हतं. आपल्याला नाही तर नाही, निदान इतर बायकांची कूस उजवावी, म्हणून तिने देऊळ बांधायला पैसा काढला. जे स्वतःला मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळावं, ही त्या दानामागची भावना. देऊबाईला फॉर्म छापून विकायचं सुचलं नाही. तुमच्यासारखा सल्लागार मिळाला नाही, दुसरं काय!

गाडगेबाबांचंही तसंच. गावोगाव हातात खराटा, डोक्यावर फुटकं मडकं आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयातले कॅन्सरचे रुग्ण नाममात्र खर्चात राहतात. बाबांनी लाखो रुपये हाताळले आणि स्वतःसाठी काहीही ठेवलं नाही. दहा टक्क्यांचा हिशेब त्यांनाही जमला नाही.

कायद्याला मात्र दहा टक्के जमतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याच्या कलम ४१ कक मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेल्या योजनेत ते लिहून ठेवले आहेत. धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवायच्या. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक. हा खर्च भागवण्यासाठी हॉस्पिटलने बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या खात्यात काढून ठेवायचे. पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड यांपैकी एक पुरतं. साहेबांचं पत्र त्यात कुठेच नाही. मी योजना दोनदा वाचून काढली, तुमच्या २,००० रुपयांची जागा सापडली नाही.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. तरी एप्रिल २०२५मध्ये पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे लाखोंची अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म देऊन ती गेली. राज्यभर संताप उसळला, चौकशा झाल्या आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नका, असं हॉस्पिटलांना पुन्हा बजावावं लागलं. जे आधीपासून लिहिलेलं होतं तेच पुन्हा सांगावं लागतं, ही जी फट आहे ना दादा, तिच्यातच तुमचं दुकान आहे.

म्हणून सगळं पाप तुमच्या एकट्याच्या माथी मारणं अन्याय होईल. तुमचे भागीदार बरेच आहेत. पहिलं हॉस्पिटल. राखीव खाटांचा फलक लावायचा तर लावतात, पण कुंडीतल्या अरेका पामच्या मागे. खिडकीवर विचारलं की 'कोटा भरला' हे उत्तर ठरलेलं. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकायची असते. ती मावशींना कधीच दिसत नाही. खाट रिकामी आहे हे मावशींच्या आधी तुम्हाला कळतं. कोणाकडून, हे विचारणार नाही.

दुसरे भागीदार आमचे ट्रस्ट. देणगी द्यायला क्यूआर कोड, घरबसल्या एका मिनिटात काम. मदत मागायला मात्र भाईंदरहून लोकल पकडून दादर, तिथून पायी, कागद अपुरा म्हणून परत, पुन्हा एक दिवस. घरकामवालीचा तो प्रत्येक दिवस म्हणजे एक खाडा, आणि चार खाडे झाले की घर सुटतं. हा हिशेब घातला तर तुमचे ५०० तिला स्वस्त वाटतात. तिसरे भागीदार आम्ही. पेटीत नोट टाकतो, हात जोडतो, करसवलतीची पावती घेतो आणि पुढे त्या नोटेचं काय झालं, हे विचारणं श्रद्धेच्या विरुद्ध समजतो.

एवढी सूट दिली, आता तुमच्या हिश्शाचं बोलतो. पैसे खाल्लेत, ते एक वेळ सोडून देऊ. पण मावशींना मी म्हटलं की देवस्थान यातला एकही रुपया घेत नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी बावळट आहे. म्हणाल्या, "आसं कसं? देवाच्या दारीबी पैसं द्यावंच लागत्यात. दादांनी वर पोचवलं तवा झालं." तुमची कमाई ५०० किंवा दहा टक्के, पण नाव खराब झालं देऊबाईच्या देवळाचं. ज्याने जकात काढली, ज्याने चर्चच्या पेटीत घडी घालून नोट टाकली, त्या सगळ्यांना तुम्ही एका फटक्यात लाचखोर ठरवलंत. आपल्याला मदत मिळाली ती कुणीतरी माणुसकीने दिली, हे समाधान गरीब माणसाला आजारपणात निम्मं बरं करतं. तेवढं तुम्ही चोरलंत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आम्ही ऐकले होते. तुम्ही तर माणूस जिवंत असतानाच सुरुवात केलीत.

तेव्हा दोन विनंत्या. एक, मावशींचे ते तीन कोरे कागद परत करा. दुसरी विनंती जमण्यासारखी नाही, तरी करतो: फॉर्म भरण्याचा एवढा सराव आहे तर शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारात टेबल टाकून तो फुकट भरून द्या. त्या दिवशी तुमचा फलक मी स्वखर्चाने लावीन, फोटोसकट.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
मीरा-भाईंदरचा एक रहिवासी

ता. क. हे पत्र दादा वाचणार नाहीत, म्हणून वाचकांसाठी. घरी कामाला येणाऱ्या बाईच्या, रिक्षावाल्याच्या, वॉचमनच्या घरात कुणी आजारी असेल तर एवढंच करा. हॉस्पिटल धर्मादाय आहे का ते पाहा. असेल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि राखीव खाटेसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'कोटा भरला' म्हणाले तर तेही लेखी मागा. नकार मिळाला तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करा. कोऱ्या कागदावर सही करू नका, करू देऊ नका. अर्ज फुकट आहे. तो भरायला तुमची वीस मिनिटं लागतील. दादांचा धंदा तेवढ्याच वीस मिनिटांवर चालतो.